अमागासाकीहून पाहिलेली जपान सिरीज

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार

अमागासाकी स्टेशनावर हानशिन रेल्वेची वाट दुभंगते. पश्चिमेची गाडी धरली की थोड्याच वेळात कोशिएन येतं, म्हणजे हानशिन टायगर्सचं मैदान. ओसाकातल्या नाम्बाकडची गाडी धरली की दोम-माए स्टेशन लागतं. तिथं जिना चढून वर आलं की समोर क्योसेरा डोम, ओरिक्स बफेलोजचं घर. सेंट्रल आणि पॅसिफिक या दोन लीगच्या विजेत्यांत होणारी जपानी बेसबॉलची अंतिम मालिका म्हणजे जपान सिरीज. आधी चार सामने जिंकेल तो विजेता. यंदा ती याच दोन संघांत आहे. कन्साईतले, म्हणजे ओसाका-कोबेच्या परिसरातले, दोन संघ या मालिकेत समोरासमोर येण्याची याआधीची वेळ होती १९६४ सालची, हानशिन आणि नानकाई हॉक्स यांची. दोन्ही मैदानं एकाच गाडीनं जोडलेली, म्हणून लोक हिला नाम्बा लाइन सिरीज म्हणतात.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, बऱ्याच वर्षांपासून अमागासाकीत राहतो. दिवाळीला घरी पोहोचायचंच होतं, म्हणून त्याआधीची सुट्टी मी इकडं लावली. टायगर्सचा हंगाम संपताना मला तो याच गावात, याच माणसांत बसून पाहायचा होता.

सकाळी दादानं स्टेशनाजवळच्या बाजारपेठेत नेलं. छप्पर असलेली लांब गल्ली, दोन्ही बाजूंना भाजी, मासे, लोणची, चपला, औषधं, आणि डोक्यावर सगळीकडे पिवळेकाळे झेंडे. इथले दुकानदार दरवर्षी टायगर्सच्या 'मॅजिक'चा फलक लावतात. विजेतेपद पक्कं व्हायला आणखी किती सामने जिंकायला हवेत, तो आकडा म्हणजे मॅजिक. खरा मॅजिक हंगामाच्या उत्तरार्धात, आघाडी पुरेशी वाढल्यावर निघतो. अमागासाकीत मात्र तो मार्चमध्येच झळकतो, १४३ असा, कारण हंगामात सामनेच १४३ असतात. एकही चेंडू पडलेला नसताना मोजणी सुरू करणारं हे गाव मला पहिल्या दिवशीच आवडलं.

यंदा ती मोजणी फळाला आली. टायगर्सनी ८५ सामने जिंकले, ५३ हरले, ५ बरोबरीत सुटले. १४ सप्टेंबरला कोशिएनवर योमिउरी जायंट्सना ४-३ असं हरवून त्यांनी १८ वर्षांनी सेंट्रल लीग जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरचं हिरोशिमा अखेरीस साडेअकरा सामने मागे राहिलं. व्यवस्थापक ओकादा आकिनोबु यांनी वर्षभर 'विजेतेपद' हा शब्द तोंडातून काढला नाही, त्याला ते नुसतं 'आरे', म्हणजे 'ते', म्हणत राहिले, आणि सगळं गाव तेच म्हणायला लागलं. पण जपान सिरीजची गोष्ट वेगळी. १९३५ साली स्थापन झालेल्या या संघानं ती एकदाच जिंकलीय, १९८५ मध्ये. त्यानंतर २००३, २००५ आणि २०१४ मध्ये ते इथवर येऊन हरले. २००५ च्या चार सामन्यांत मिळून त्यांच्या धावा होत्या ४ आणि समोरच्यांच्या ३३. तो आकडा इथं लहान मुलांनाही पाठ आहे.

संध्याकाळी आम्ही गल्लीच्या टोकाच्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबी घातलेल्या जाड जपानी धिरड्याच्या, दुकानात गेलो. तापलेल्या तव्याभोवती जेमतेम आठ माणसांची जागा, कोपऱ्यात टीव्ही. दुकान चालवणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या हाताशी उलथनं असतं आणि शेजारी पेन्सिल लावलेली स्कोअरची वही. टायगर्सचा प्रत्येक सामना त्या स्वतः लिहितात. कोबी चिरता चिरता एक डोळा टीव्हीवर ठेवायचा, इनिंग संपली की हात पुसून चौकटी भरायच्या. (सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांना तिघे बाद होईपर्यंत बॅटिंग.) कपाटात अशा वह्यांची चळत आहे.

आज समोर यामामोतो योशिनोबु होता. सलग तीन वर्षं पॅसिफिक लीगमध्ये सर्वाधिक विजय, दिलेल्या धावांची सर्वांत कमी सरासरी आणि सर्वाधिक स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) हे सगळे किताब मिळवणारा पिचर, म्हणजे गोलंदाज. टायगर्सकडून मुराकामी शोकी, आवाजी बेटावरचा मुलगा. गेल्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर पहिल्या संघासाठी एकही विजय नव्हता. आजींनी वही उलटून १२ एप्रिलचं पान दाखवलं. टोकियो डोममध्ये जायंट्सविरुद्ध त्यानं सात इनिंग एकालाही बेसवर, म्हणजे धाव घेण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावरही, येऊ दिलं नव्हतं, आणि तरी ओकादांनी त्याला बदललं होतं. "त्या रात्री मी फार चिडले होते," आजी म्हणाल्या. आज त्याच मुराकामीनं ओरिक्सला सात इनिंगमध्ये दोनच हिट दिल्या, म्हणजे बेसवर पोहोचवणारे दोनच फटके.

पाचव्या इनिंगमध्ये सातो तेरुआकीनं दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत गाठला, आणि यामामोतो ढळला. वातानाबे र्योची हिट, चिकामोतो कोजीचा तिसऱ्या बेसपर्यंतचा फटका, एका इनिंगमध्ये चार धावा. शेवटी ८-०. दुकानातल्या लोकांचा विश्वासच बसत नव्हता. एक गृहस्थ दर थोड्या वेळानं धावफलक मोठ्यानं वाचून दाखवत होते.

घरी येताना आकाशात पूर्ण चंद्र होता. आज कोजागरी. वहिनीनं मसाला दूध आटवून ठेवलं होतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज ०-८. कालचाच आकडा उलटा होऊन आला. ओरिक्सच्या मियागीपुढं टायगर्सचं काही चाललं नाही. आजींनी शेवटपर्यंत वही भरली आणि मिटताना एवढंच म्हणाल्या, "फोअर बॉलच नाहीत."

हे मला दादाकडून नीट समजून घ्यावं लागलं. पिचरनं चार चेंडू स्ट्राइकच्या क्षेत्राबाहेर टाकले आणि बॅटरनं ते सोडले, तर बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो. जपानी लोक त्याला फोअर बॉल म्हणतात. मोठ्या फटक्यांच्या पुढं ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. ओकादांनी मात्र हंगामाच्या सुरुवातीला क्लबकडे मागणी केली होती, की खेळाडूंच्या मानधनाचं मूल्यमापन करताना फोअर बॉलला जास्त गुण द्या. सोडलेल्या चेंडूला पैसे मिळतील म्हटल्यावर संघानं यंदा ४९४ फोअर बॉल मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. सुनील गावसकरांनी ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू कसे सोडले, हे ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय, त्यांना यातली जिद्द सांगायला नको. न खेळण्यासाठीही धीर लागतो. टायगर्सचा हा हंगाम मला इथून पुढे त्या नजरेनंच दिसू लागला.

३० ऑक्टोबर, सोमवार

आज सामना नाही. नाम्बाला उतरून दोतोनबोरी नदीकाठी गेले. एबिसु पुलावर परदेशी प्रवासी फोटो काढत होते. खालचं पाणी गढूळ हिरवं.

१६ ऑक्टोबर १९८५ ला टायगर्सनी लीग जिंकली तेव्हा याच पुलावर चाहत्यांची झुंबड उडाली होती. प्रत्येक खेळाडूसारखं दिसणारं कोणीतरी गर्दीतून शोधायचं आणि त्यानं पाण्यात उडी घ्यायची, असं चाललं होतं. अमेरिकन खेळाडू रँडी बास याच्यासारखं कोणी सापडेना, तेव्हा लोकांनी जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानासमोरचा कर्नल सँडर्सचा दाढीवाला पुतळा उचलला आणि नदीत टाकला. पुढं संघ हरत गेला, तसं हे सगळं कर्नलच्या शापामुळं आहे, अशी बोलवा झाली. १० मार्च २००९ ला नदीकाठच्या कामात पुतळा सापडला, चष्मा आणि डावा हात नसलेला.

शापाची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. माझं मन मात्र बासच्या त्या वर्षापाशीच रेंगाळलं. ०.३५० ची बॅटिंग सरासरी, ५४ होमरन (आपल्या षटकारांसारखे), त्याच्या फटक्यांवर आलेल्या १३४ धावा, तिन्हीत लीगमध्ये पहिला. १७ एप्रिल १९८५ ला कोशिएनवर जायंट्सच्या माकिहाराला बास, काकेफु आणि ओकादा यांनी लागोपाठ तीन होमरन मारले, तिन्ही मधल्या काळ्या पडद्याच्या दिशेनं. त्यातला तिसरा फटका ज्याचा, तोच ओकादा आज ६५ वर्षांचा व्यवस्थापक आहे. १९८५ मध्ये खेळाडू, २००५ मध्ये व्यवस्थापक म्हणून ती ३३-४ ची मानहानी, आणि आता पुन्हा. एकाच माणसानं एवढी मोठी वाट चालावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सिरीज कोशिएनवर आली. तिकिटं सोडतीनं मिळतात. आजचं आमच्या वाट्याला नव्हतं. तरी मी संध्याकाळी एकटीच गेले. स्टेशनातून बाहेर पडलं की डोक्यावरून द्रुतगती मार्ग जातो, आणि त्याच्या पलीकडं वेलींनी मढलेली मैदानाची भिंत उभी राहते. कोशिएन १ ऑगस्ट १९२४ ला सुरू झालं. आपल्या संवत्सरांसारखंच साठ वर्षांचं चक्र जपानातही मोजलं जायचं. त्या चक्राचं पहिलं वर्ष तेव्हा होतं, त्यावरून मैदानाचं नाव पडलं.

तिकीट नसलेली पुष्कळ माणसं बाहेर होती. शाळेचा गणवेश घातलेल्या मुली, ऑफिसातून थेट आलेले लोक, खुर्ची घेऊन बसलेले एक आजोबा. फोनवर सामना लावलेला, पण आतला आवाज फोनच्या आधी पोहोचतो. म्हणजे भिंतीपलीकडं गर्जना झाली की सगळे हसायला लागतात आणि मग काही सेकंदांनी पडद्यावर हिट दिसते. भिंतीतून निराशेचा हुंकार आला की फोनवरचा चेंडू अजून पिचरच्या हातात असतो, आणि त्याचं काय होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

१-५ वरून टायगर्स ४-५ पर्यंत आले. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, दोघे बेसवर, बॅटवर चौथ्या क्रमांकाचा ओयामा युसुके. आतून तो हुंकार आला. खुर्चीवरच्या आजोबांनी फोन बंद केला, पुढचं पाहिलंच नाही. ओयामा स्ट्राइकआऊट.

१ नोव्हेंबर, बुधवार

दादाला आजची दोन तिकिटं लागली होती. वहिनीनं तिचं मला दिलं. "मी इथं राहते गं, तू कधी येणार पुन्हा?" एवढं म्हणून तिनं विषय संपवला. तिची पिवळी जर्सीही माझ्या अंगावर चढवली.

आम्ही आल्प्स स्टँडमध्ये होतो. कोशिएनचं इनफिल्ड, म्हणजे बेसमधला भाग, पूर्ण काळ्या मातीचं आहे, त्याच्यापुढं हिरवळ, आणि दिव्यांखाली ही दोन्ही इतकी गडद दिसतात की पहिल्या काही मिनिटांत मी खेळाकडं पाहिलंच नाही. उत्तरेला रोक्को डोंगररांग आहे. संघाचं १९३६ पासूनचं गाणं त्या डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचं, 'रोक्को ओरोशी'. मैदानात खेळावर परिणाम करणारा वारा मात्र समुद्राचा, उजवीकडून डावीकडं वाहणारा. डावखुऱ्या बॅटरचे कितीतरी उंच फटके तो अडवून धरतो.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं. करोनाच्या वर्षांत इथं तोंडानं ओरडायला बंदी होती, नुसत्या टाळ्या. यंदाच्या हंगामात ती उठली. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं. तुताऱ्या आणि ढोल आउटफिल्डमधून सुरुवात करतात, आणि चाळीस हजार माणसं शब्द न चुकवता ते म्हणतात. आमच्या शेजारच्या बाईंनी मला शब्द लिहिलेला कागद दिला. मला वाचता येत नव्हता, तेव्हा त्यांनी कानाशी येऊन एकेक ओळ आधी म्हणून दाखवली.

टायगर्स ३-१ पुढं होते. सातव्या इनिंगमध्ये सातोकडून चूक झाली आणि ओरिक्सनी ३-३ केले. आठव्या इनिंगमध्ये दोन बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर ओरिक्सचे धावपटू. ओकादा बाहेर आले आणि पिचर बदलला. फलकावर नाव उमटलं: युआसा आत्सुकी.

युआसा मार्चमध्ये विश्वविजेत्या जपानी संघात होता. मग लय हरवली, दुखापत झाली, आणि जूनच्या मध्यापासून पहिल्या संघासाठी तो एकदाही खेळला नव्हता. आजच्या अशा क्षणी तो येईल असं कोणाच्या मनात नव्हतं. असा आवाज मी वानखेडेवरही ऐकलेला नाही. पायाखालचं काँक्रीट थरथरत होतं. शेजारच्या बाई रडत होत्या, त्यांनी अजून चेंडू पाहिलाही नव्हता. युआसानं एकच चेंडू टाकला. नाकागावाचा झेल दुसऱ्या बेसपाशी उडाला, इनिंग संपली.

नववी इनिंग. एक बाद. चिकामोतो फोअर बॉलवर पहिल्या बेसवर गेला. ओरिक्सचा वॅगस्पॅक घाबरला असावा. त्याचे दोन चेंडू कॅचरच्या हाताबाहेर गेले आणि चिकामोतो तिसऱ्या बेसवर पोहोचला. मग ओरिक्सनी पुढच्या दोघांना, नाकानो आणि मोरिशिताला, मुद्दाम बेस दिले. हल्ली त्यासाठी चेंडू टाकावे लागत नाहीत, पंचांना खूण केली की झालं. तिन्ही बेस भरले, आणि त्यातला एकही हिटनं भरला नव्हता. बॅटवर कोण? काल ज्याच्यावर सामना संपला तोच, ओयामा.

२०१६ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत टायगर्सनी त्याचं नाव पहिलं पुकारलं तेव्हा चाहत्यांच्या गर्दीतून नाराजीचा सूर उमटला होता. यंदा तो १४३ पैकी १४३ सामने चौथ्या क्रमांकावर खेळला आणि लीगमध्ये सर्वाधिक फोअर बॉल त्यानंच मिळवले. ओरिक्सनी जाणूनबुजून त्याच्याशी सामना निवडला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. दादानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. चेंडू डावीकडं, इनफिल्ड ओलांडून गेला. ४-३.

रोक्को ओरोशी म्हणताना मला अर्धे शब्द येत होते, अर्धे येत नव्हते. स्टेशनापर्यंतची गर्दी अर्धा तास हलली नाही आणि कोणालाच त्याचं दुःख नव्हतं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा आजींच्या दुकानात. आज ओताके कोतारो पिचर. सॉफ्टबँक संघात अडगळीत पडलेला, दुर्लक्षित खेळाडूंसाठी गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा झालेल्या निवडीतून इकडं आला, आणि यंदा १२ विजय, २ पराभव. आज क्षेत्ररक्षकांनी चुका केल्या आणि सात इनिंगनंतर ०-२.

आठव्या इनिंगला पुन्हा युआसा आला, तिघांना बाद करून गेला. मग टायगर्सच्या आठव्या इनिंगमध्ये चिकामोतोची हिट, पहिली धाव. पहिल्याच वर्षाचा मोरिशिता, ज्याच्या हातून सातव्या इनिंगमध्ये चेंडू निसटला होता, त्यानं तिसऱ्या बेसपर्यंतचा फटका मारून दोघांना घरी आणलं. सहा धावा झाल्या. ६-२. आजींच्या वहीतली ती चौकट इतकी भरली की रेषा बाहेर गेल्या. तव्यावरची ओकोनोमियाकी करपली आणि ज्यांची होती त्यांनी ती तशीच, आनंदानं खाल्ली.

घरी परतताना फोनवर मुंबईचा सामना पाहिला. वानखेडेवर श्रीलंका ५५ मध्ये सर्वबाद, शमीचे पाच बळी. दादा रस्त्यात थांबून टाळ्या वाजवायला लागला.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टीचा दिवस, जपानचा संस्कृती दिन. सकाळी निशिनोमियातल्या हिरोता देवळात. टायगर्सचा संघ दरवर्षी हंगामाआधी इथं विजयासाठी प्रार्थना करायला येतो. नवसाच्या लाकडी पाट्यांची रांग होती. दादानं काही वाचून दाखवल्या: बहुतेक परीक्षा, बाळंतपण, आजार, आणि मध्येमध्ये 'उरलेला एक विजय द्या'.

दुपारी कोशिएनच्या संग्रहालयात. शालेय स्पर्धेचं दालन मोठं आहे, आणि ते योग्यच. ऑगस्टमध्ये हे मैदान शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला दिलं जातं. टायगर्सना तेव्हा घर सोडून फिरावं लागतं, त्या दौऱ्याला पूर्वीपासून 'मृत्यूचा रस्ता' म्हणतात. व्यावसायिक संघ दरवर्षी ऐन हंगामात मुलांसाठी आपलं मैदान मोकळं करतो, ही गोष्ट मला या खेळातल्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते. यंदा त्याच ऑगस्टमध्ये टायगर्स १८ जिंकले आणि ५ हरले. लीग तिथंच जिंकली होती, असं दादाचं मत आहे.

संध्याकाळी वहिनीनं ओरिक्सची बाजू सांगितली. ती कोबेत नोकरी करते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. त्या वर्षी ओरिक्स ब्लूवेव्ह कोबेचाच संघ होता, पुढं जगप्रसिद्ध झालेला बॅटर इचिरो त्यात होता. बाहीवर 'गाम्बारो कोबे' असं लावून, म्हणजे कोबे, धीर धरूया म्हणत, ते खेळले आणि लीग जिंकले. पुढच्या वर्षी जपान सिरीजही. २००४ अखेर तो संघ आणि किन्तेत्सु बफेलोज एक झाले, आणि ओरिक्स बफेलोज म्हणून संघ ओसाकात गेला. "आमच्या ऑफिसात कितीतरी जणांना कोणाला पाठिंबा द्यायचा तेच कळत नाहीये," ती म्हणाली.

४ नोव्हेंबर, शनिवार

यामामोतोला एकदा मारलंत, दुसऱ्यांदा नाही मारू शकणार, हे त्यानं आज दाखवून दिलं. टायगर्सच्या नॉइझीनं दुसऱ्या इनिंगमध्ये होमरन मारला. त्यानंतर यामामोतोनं दार बंद केलं. १३८ चेंडू, नऊच्या नऊ इनिंग, १४ स्ट्राइकआऊट: जपान सिरीजच्या एका सामन्यातला विक्रम. ओरिक्स ५-१.

दुकानात कोणी कुरकुर केली नाही. सातव्या इनिंगनंतर तर लोक त्याच्याच चेंडूंना दाद देऊ लागले. आजींनी स्ट्राइकआऊटची खूण नेहमीपेक्षा सावकाश, कोरून काढल्यासारखी काढली. त्या म्हणाल्या, असं पिचिंग लिहायला मिळणं हेही भाग्य.

३-३. उद्या शेवट.

५ नोव्हेंबर, रविवार

आज बाजारपेठेत सकाळपासून लोक हळू आवाजात बोलत होते. दुकान चारलाच भरलं. आत जागा नसलेले बाहेर बादल्या उलट्या करून बसले, आणि आजींनी टीव्ही दाराकडं वळवला.

ओकादांनी आओयागी कोयोला चेंडू दिला. हंगामाचा पहिला सामना त्यानंच सुरू केला होता आणि मग वर्षभर तो चाचपडत राहिला. शेवटचाही त्यालाच. अशा निर्णयात हिशेब असतो तसा मानही असतो. आओयागीनं पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत शून्य राखलं.

चौथ्या इनिंगमध्ये मियागीविरुद्ध दोघे बेसवर असताना शेल्डन नॉइझी आला. खाली पडणारा मंद चेंडू त्यानं जवळजवळ गुडघ्यापाशी उचलला आणि तो डाव्या स्टँडमध्ये गेला. ३-०. पाचव्या इनिंगमध्ये मोरिशिता, ओयामा, पुन्हा नॉइझी, एकामागोमाग एक. ६-०. बादलीवरचा एक म्हातारा उठून गल्लीत चार पावलं गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला.

नवव्या इनिंगमध्ये इवाझाकी सुगुरु पिचिंगला आला, ७-० असताना. तेव्हा आजींनी मला वही मागं उलटून १४ सप्टेंबरचं पान दाखवलं. त्या रात्रीही शेवटची इनिंग त्याचीच होती. तो मैदानात आला तेव्हा त्याचं नेहमीचं गाणं वाजलं नाही. वाजलं ते योकोता शिंतारोचं. २०१३ च्या निवडीत दोघे एकदमच टायगर्सकडे आले होते. योकोताला मेंदूत गाठ झाली, नजर गेली तशी २०१९ मध्ये त्यानं खेळ सोडला, आणि १८ जुलै २०२३ ला, २८ व्या वर्षी तो गेला. त्या रात्री सगळं कोशिएन त्याचं गाणं म्हणत होतं, आणि विजयानंतर खेळाडूंनी इवाझाकीला वर उचललं तेव्हा त्याच्या हातात योकोताची २४ क्रमांकाची जर्सी होती. पानाच्या कडेला आजींनी पेन्सिलीनं २४ लिहिलंय.

ओरिक्सनी एक होमरन मारला. ७-१. मग सुगिमोतोचा फटका डावीकडं उडाला, खाली नॉइझी उभा होता. झेल घेतला.

३८ वर्षं. कोणी ओरडलं, कोणी नुसतंच बसून राहिलं. बादलीवरचे म्हातारे दादाच्या गळ्यात पडले. पडद्यावर खेळाडू ओकादांना हवेत झेलत होते. सर्वोत्तम खेळाडू चिकामोतो, २९ पैकी १४ हिट. मुराकामीसारखाच तोही आवाजी बेटाचा. दोतोनबोरीला हजाराहून अधिक पोलीस होते, तरी लोकांनी नदीत उड्या मारल्याच. आम्ही इथंच राहिलो. छपराखालच्या गल्लीत रोक्को ओरोशी सुरू झालं ते मध्यरात्रीनंतरही चालूच होतं, आणि या वेळी मला तिन्ही कडवी येत होती.

६ नोव्हेंबर, सोमवार

पहाटेच स्टेशनाच्या दुकानात गेलो. कोबेचं 'डेली स्पोर्ट्स' केव्हाच संपलं होतं. दादानं कोशिएनपर्यंत जाऊन दोन प्रती आणल्या: एक आजींसाठी, एक माझ्या वडिलांसाठी. वडिलांना जपानी येत नाही, पण ३८ वर्षांनी जिंकलेल्या संघाचा कागद त्यांना हातात धरून पाहायचाय, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

उमेदाच्या हानशिन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विजयाचा सेल लागलाय. रांग पाहून आम्ही तिथून निघालो आणि दुपारी आजींकडं जेवलो. त्या कालचं पान शाईनं पुन्हा लिहीत होत्या. पेन्सिल पुसट होते, हे पान टिकायला हवं, म्हणाल्या. मी विचारलं, १९८५ चं पानही शाईत आहे का? त्यांनी वरच्या कपाटातून वही काढायला दादाला सांगितलं. २ नोव्हेंबर १९८५, सेइबु लायन्सविरुद्धचा सहावा सामना. निळी शाई. दुसऱ्या बेसच्या ओळीत: ओकादा.

२३ नोव्हेंबरला दोन्ही संघांची विजययात्रा आहे, ओसाकात आणि कोबेत, एकाच दिवशी. टायगर्स सकाळी कोबेत आणि दुपारी ओसाकात, ओरिक्स त्याच्या उलट. आजी दोन्हीकडं जाणार आहेत. नाम्बाच्या गाडीनं किती वेळ लागेल आणि दुपारी दुकान कोण सांभाळेल, हे त्यांनी वहिनीशी बसून आजच ठरवून टाकलं.